क्राउडचा सीन लावताना: नव्या सहायक दिग्दर्शकांसाठी

मालिकेतलं लग्न असो की सिनेमातली जत्रा, क्राउड सांभाळायचं काम बहुतेक वेळा युनिटमधल्या सगळ्यात नव्या सहायकाच्या गळ्यात पडतं. समोर शंभर माणसं उभी राहिली की माइक हातात घेऊन ओरडावंसं वाटतं. "सगळ्यांनी नॅचरल वागा" अशी सूचना दिली की शंभरच्या शंभर माणसं हात खाली सोडून उभी राहतात. प्रत्येकाला काहीतरी काम नेमून द्यावं लागतं आणि त्याची तयारी आदल्या दिवशीच करावी लागते.

क्राउड पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरला नुसता आकडा सांगू नका. बायका किती, पुरुष किती, वयं काय, कपडे कुठल्या काळातले, हे सगळं लेखी द्या. मग कपड्यांच्या वेळेचा हिशोब मांडा. एक नऊवारी नेसवायला दहा मिनिटं धरली, तर ३० बायकांना दोन मदतनीस असूनही अडीच तास जातात. त्यामुळे कॅमेऱ्याजवळच्या आठ-दहा जणींनाच नेसवायची नऊवारी द्या, मागच्यांना शिवलेली चालते. बारीक चौकड्यांचे आणि दाट पट्ट्यांचे शर्ट बाजूला काढा, ते पडद्यावर लवलवतात. जुन्या काळाचा सीन असेल तर मनगटं आणि पाय स्वतः तपासा. घड्याळ आणि स्पोर्ट्स शूज हमखास राहून जातात.

सेटवर आल्यावर क्राउडचे तीन थर करा. कॅमेऱ्याजवळ अनुभवी ज्युनिअर आर्टिस्ट, मध्ये मिश्र, मागे स्थानिक लोक. पंधरा-वीस जणांचा एक गट करून प्रत्येक गटात एक जाणता माणूस नेमा आणि सूचना त्याच्यामार्फत जाऊ द्या.

खरी कसोटी पासिंगची, म्हणजे संवाद चालू असताना फ्रेममधून ये-जा करणाऱ्या माणसांची. समजा, बाजाराच्या सीनमध्ये नायिका म्हणते, "मी उद्या येणार नाही," आणि 'उद्या' या शब्दावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई डावीकडून फ्रेममध्ये शिरते. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन दिसणाऱ्या शॉटमध्ये, ती याच शब्दावर आली असेल, तर नायिकेचा क्लोज घेतानाही याच शब्दावर यायला हवी. पाटी त्याच हाताने धरलेली हवी आणि चालही तीच. नाहीतर एडिटला कट मारला की पाटी एका खांद्यामागून नाहीशी होऊन दुसऱ्या खांद्यामागे उगवते आणि उत्तम वठलेला टेक फेकावा लागतो. म्हणून कॉलशीटच्या (त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकाच्या) मागच्या बाजूला लिहून ठेवा: कोण, कुठल्या शब्दावर, कुठून कुठे, हातात काय. मोबाइलवर फोटोही काढा, पण फोटोत वेळ दिसत नाही. लिहिलेलंच कामी येतं. जागेवर उभ्या असलेल्यांनाही काम हवं: बांगडीवाल्याकडे गिऱ्हाईक म्हणून उभ्या केलेल्या बाईला "भाव विचार, पटला नाही म्हणून पुढे जा" एवढं सांगितलं तरी तिचे हात आपोआप योग्य चालतात आणि नजर लेन्सकडे जात नाही.

बॅकग्राउंडला दोन-तीन सेकंद आधी हलवा, मग कलाकारांची अ‍ॅक्शन. सिंक साउंड असेल, म्हणजे संवाद सेटवरच रेकॉर्ड होत असतील, तर मागच्यांनी ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. टाळ्याही तळवे न भिडवता. चपलांच्या तळाला फोम चिकटवा, बांगड्या कमी करा. नाच असेल तर आधी हलगी वाजवून ठेका अंगात भिनू द्या, मग वाद्य थांबवून संवाद घ्या. सीन संपल्यावर त्याच लोकांकडून दोन मिनिटं कुजबुज, हाका, जयघोष वेगवेगळे रेकॉर्ड करून घ्या. हे राहिलं की पुढे डबिंगला स्टुडिओत चार माणसं जत्रेचा आवाज काढत बसतात आणि ते लगेच ओळखू येतं.

वाई-मेणवलीसारख्या ठिकाणी गावकरी हौसेने येतात. हिरो बघून झाला, जेवण झालं, की निम्मे पांगतात. म्हणून वाइड शॉट जेवणाआधीच उरका. माणसं कमी असतील तर कॅमेरा खाली आणून लांब लेन्स लावा, थर एकमेकांवर चढतात आणि जागा भरलेली दिसते. व्हीएफएक्सने (नंतर कॉम्प्युटरवर) गर्दी वाढवायची असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लावा, फोकस आणि एक्स्पोजर कायम ठेवा आणि तीच माणसं कपडे बदलून फ्रेमच्या एकेका चौकोनात हलवून दर वेळी शॉट घ्या, ते नंतर जोडले जातात. ऊन सरकायच्या आत सगळे चौकोन संपवा. सावल्यांची दिशा बदलली की जोड उघडा पडतो.

लहान मुलं असतील तर नियम पाठ हवेत. १४ वर्षांखालील मुलांसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त काम चालत नाही. दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी.

धावाधावीच्या किंवा आगीच्या सीनला बाहेर पडायच्या वाटा आधी दाखवा, ज्येष्ठांना कडेला ठेवा, पहिली रिहर्सल चालत घ्या. उन्हाळ्यात पाणी माणसांपर्यंत न्या. रांग लावायला जागा सोडली की पोझिशन मोडते.

पॅकअपला कपडे मोजून जमा करा आणि लगेच पैशांच्या व्हाउचरवर सही करून द्या, जादा वेळ झाला असेल तर तोही लिहा. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे शॉटला शॉट जुळावा म्हणून, दुसऱ्या दिवशी तेच चेहरे लागतात. रात्री सहीसाठी तासभर ताटकळलेली पाटीवाली बाई सकाळी दुसऱ्या सेटवर गेलेली असते.