बिवॅसिझुमॅब सुरू होणार असेल तर घरच्यांनी काय बघायचं

आधी हे इंजेक्शन करतं काय ते थोडक्यात. कॅन्सरच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर रक्तपुरवठा लागतो, हे अमेरिकन सर्जन जुडा फोकमननी १९७१ लाच मांडलं होतं, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना उसासारखे फुटवे फुटतात, हे औषध तेच प्रोटीन धरून ठेवतं. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००४ ला मंजुरी मिळाली, बहुतेक वेळा केमोसोबतच देतात.

आता मुख्य काम, बीपी. घरी मशीन आणाच, पाच मिनिटं शांत बसवून रोज एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा, कारण या औषधाने बीपी वाढतं आणि पेशंटला काही जाणवतही नाही. लघवीत प्रोटीन जातंय का ती टेस्टही मधूनमधून करतात, राहिली तर तुम्हीच आठवण करा.

दुसरं म्हणजे जखमा लवकर भरत नाहीत. ऑपरेशन झालं असेल तर निदान २८ दिवस आणि जखम नीट भरेपर्यंत हे सुरू करत नाहीत, ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधीही तेवढंच थांबतात. दात काढायचा असला तरी आधी ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारा, डेंटिस्टला औषधाचं नाव सांगा (हे हमखास राहून जातं).

नाकातून थोडं रक्त येणं कॉमन आहे. पण पोटात अचानक भयंकर दुखणं, काळी शी, खोकल्यातून रक्त, एकच पाय सुजणं, छातीत दुखणं, डोकं दुखून अंधुक दिसणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

पहिला डोस साधारण ९० मिनिटं चालतो, त्रास नाही झाला तर पुढे ६० आणि मग ३०. डोस वजनावर असतो, म्हणजे ६० किलोला किलोमागे ५ मिलिग्रॅमने ३०० मिलिग्रॅम होतात, व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) १०० आणि ४०० च्या येतात, तेव्हा बिल करण्याआधी कुठल्या किती लागणार ते विचारून घ्या, बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळपास तसंच औषध) चालेल का तेही विचारा, पैशात बराच फरक पडतो.

आणि ओळखीत कुणाला दिलं म्हणून आपल्यालाही द्या असा हट्ट नको. ब्रेस्ट कॅन्सरसाठीची परवानगी अमेरिकेने २०११ मध्ये काढून घेतली, आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही म्हणून. आमच्या केसमध्ये याने नक्की किती फायदा अपेक्षित आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.