सॅलिसबरी बघायची तर दोन रात्री राहा

पहिल्यांदा मी आई-बाबांना दक्षिण इंग्लंडमधल्या सॅलिसबरीला नेले ते लंडनहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीच्या बसने. सकाळी स्टोनहेंजच्या प्राचीन शिळा, संध्याकाळी बाथ हे शहर आणि मधे सॅलिसबरीला पाऊण तास. बाबा कॅथीड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, हिरवळीवर उभे राहून शिखराकडे बघत होते, तेवढ्यात बसमध्ये बसायची हाक आली. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही तिथे दोन रात्री राहिलो, आणि तेव्हा कुठे ते गाव कळले. कुणी विचारले की मी आता असेच जायला सांगते.

नावापासून सुरुवात करू. पुणेकरांना सॅलिसबरी पार्कमुळे हे नाव ओळखीचे आहे, पण तिथले लोक त्याचा उच्चार ‘सॉल्झबरी’ असा करतात. गाडीतल्या घोषणेकडे त्या हिशेबाने कान ठेवा.

आधी काय ठरवायचे

एप्रिलअखेर ते जून हा काळ सर्वांत चांगला. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवस हातातून जातो. दोन रात्री अशा निवडा की निघायचा दिवस मंगळवार किंवा शनिवार असेल, कारण चौकातला बाजार त्या दिवशी भरतो. तो भरवायची सनद गावाला १२२७ मध्ये मिळाली.

स्टोनहेंजचे ठरावीक वेळेचे तिकीट आणि कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर चढायची जागा, या दोन्ही गोष्टी घरूनच आरक्षित करा. मनोऱ्याला ३३२ पायऱ्या आहेत आणि गोल जिना अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली थांबावे; खालीही बघण्यासारखे भरपूर आहे.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. सकाळच्या गर्दीनंतरच्या गाड्यांचे ‘ऑफ-पीक’ तिकीट स्वस्त पडते. दोघे बरोबर फिरणार असाल तर ‘टू टुगेदर’ आणि साठी ओलांडलेल्यांसाठी ‘सीनियर’ रेलकार्ड काढा. तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते आणि इंग्लंडमध्ये आणखी दोन-तीन प्रवास होणार असतील तर कार्डाचे पैसे सहज वसूल होतात. थेट विमानतळावरून येणाऱ्यांना लंडनमध्ये शिरायची गरज नाही. हीथ्रोहून बसने वोकिंगला या आणि तिथे सॅलिसबरीची गाडी पकडा.

सामानात पेढे, बर्फी, तूप घेऊ नका. दुधाचे पदार्थ नेण्यावर तिथे निर्बंध आहेत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वारा अडवणारे जाकीट आणि चिखलात घसरणार नाहीत असे बूट.

पहिली दुपार: आधी कुरणात जा

खोलीवर सामान टाका आणि कॅथीड्रलकडे पाठ फिरवा. क्वीन एलिझाबेथ गार्डन्स या बागेतून ‘टाउन पाथ’ नावाची पायवाट निघते. ती हार्नहॅमच्या पाणकुरणांतून सरळ जुन्या गिरणीपर्यंत जाते, रमतगमत पंधरा-वीस मिनिटे. गिरणीपाशी वळून बघा: मेंढ्या, विलोची झाडे आणि त्यांच्यावर १२३ मीटरचे शिखर, ब्रिटनमधले सर्वांत उंच. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८३१ मध्ये याच कुरणांतून कॅथीड्रल रंगवले. तिथे नंतर इमारती उठल्या नाहीत, म्हणून दृश्य अजून ओळखू येते.

या कुरणांकडे नुसती हिरवळ म्हणून बघू नका. सतराव्या शतकात इथल्या शेतकऱ्यांनी नदीचे पाणी पाटांनी उंच वरंब्यांवर चढवले आणि दोन्ही उतारांवरून पातळ थरात वाहते ठेवले. हे पाणी खडूच्या टेकड्यांतल्या झऱ्यांचे, म्हणून हिवाळ्यातही बर्फासारखे गार पडत नाही. त्याने जमिनीवरचे दहिवर वितळते आणि गवत काही आठवडे आधी उगवते. दिवसा मेंढ्या त्या गवतावर चरायच्या आणि रात्री त्यांना टेकडीवरच्या शेतात कोंडायचे, लेंडीखतासाठी. आपल्याकडे धनगरांचा कळप शेतात बसवतात तोच हिशेब. बाबांना हे सांगितले तेव्हा ते पाटाच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ पाणी कुठून कुठे जाते ते बघत राहिले. लाकडी फळी, तिच्याखालून निसटणारी पाण्याची पट्टी, तळाशी एका दिशेला झुकलेले शेवाळ. सगळे स्वच्छ दिसत होते.

तिथून हार्नहॅम गेटने ‘क्लोज’मध्ये, म्हणजे कॅथीड्रलच्या तटबंद आवारात शिरा. आवाराच्या वेशी आजही रात्री अकराला बंद होतात. मुक्काम आत असेल तर वेळ सांभाळा.

बहुतेक दिवशी साडेपाचला सायंप्रार्थना असते. तिला तिकीट नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने शांत बसावे. मुली आणि मुले आळीपाळीने गातात. इंग्लिश कॅथीड्रलमध्ये मुलींचे वेगळे गायकवृंद सुरू झाले ते इथूनच, १९९१ मध्ये. पहिल्या संध्याकाळी फक्त हेच करा. आतली पाहणी परवावर ठेवा.

दुसरा दिवस: दगड, मग टेकडी

रेल्वे स्थानकावरून स्टोनहेंजची बस सुटते. पहिल्या बसने जा. पर्यटक केंद्रापासून शिळा दीड मैलावर आहेत आणि शटल बस नेऊन सोडते, पण पाय चालत असतील तर गवताळ माळावरून चालत जा. वाटेत प्राचीन दफनांचे उंचवटे लागतात आणि शिळा क्षितिजावर हळूहळू मोठ्या होत जातात. साध्या तिकिटावर दोराबाहेरूनच फिरावे लागते. मोठ्या शिळा सरासरी पंचवीस टनांच्या, जवळपासच्या. लहान निळसर दगड मात्र वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतले, सुमारे २४० किलोमीटरवरून आणलेले. दीड तास पुरतो. तिथे वारा आडवा लागतो. जाकीट त्यासाठीच सांगितले.

परतताना ओल्ड सॅरमला उतरा. बहुतेक लोक ही टेकडी गाळतात, आणि खरे तर सगळ्या गावाची गोष्ट इथे आहे. जुने शहर या मातीच्या तटांच्या आत होते. पहिले कॅथीड्रल १०९२ मध्ये पवित्र झाले आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची हानी झाली. वर पाणी कमी, वारा फार, त्यात किल्ल्यावरच्या सैनिकांशी पाद्र्यांचे भांडण. शेवटी १२२० मध्ये खाली नदीकाठी नव्या कॅथीड्रलचा पाया घातला आणि गाव पाण्याजवळ आले. जुन्या कॅथीड्रलचे दगड पुढे क्लोजच्या भिंतीत गेले. गवतात त्याचा आराखडा अजून दिसतो.

टेकडी ओस पडली, पण १८३२ पर्यंत तिच्या नावावर संसदेत दोन सदस्य जात होते! सतराव्या शतकाच्या अखेरीस ही मालमत्ता थॉमस पिटने विकत घेतली, हिंदुस्थानच्या व्यापारात कमावलेल्या पैशावर. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि गोवळकोंड्याच्या मुलखातला एक मोठा हिरा विकत घेऊन त्याने इंग्लंडला पाठवला. तो ‘रीजंट’ हिरा आता पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पिटचा नातू ओल्ड सॅरमचाच प्रतिनिधी म्हणून संसदेत गेला आणि नंतर पंतप्रधान झाला. तटावर उभे राहून समोरचे शिखर बघताना हे मनात असू द्या.

आता बसने परतू नका. तटाखालून स्ट्रॅटफर्ड-सब-कासल या वाडीत उतरा आणि एव्हन नदीच्या काठाने शहरात या, साधारण तासाभराची सपाट वाट. पाटीवर ‘पब्लिक फुटपाथ’ लिहिले असेल तर वाट कुणाच्या शेतातून जात असली तरी तुम्हाला हक्क आहे. फाटक बंद सापडले तर आपल्यामागे बंद करा. कडेच्या नेटल या झुडपाला हात लावू नका, खाजकुइलीसारखी आग होते. ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘एक्सप्लोरर १३०’ नकाशा घेतलात तर अशा सगळ्या वाटा त्यात हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत.

मे-जूनमध्ये या नदीत पांढऱ्या फुलांचे गालिचे तरंगतात आणि त्यांच्या सावलीत ट्राउट मासे प्रवाहाविरुद्ध स्थिर उभे असतात. पाऊस खडूत मुरतो आणि महिन्यांनी झऱ्यांतून गाळून येतो, म्हणून पाणी असे नितळ. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून धो-धो उतरणारे पाणी बघितलेल्याला हे नवे वाटते.

जेवणाची वेळ मात्र पाळा. पबमधले स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या आसपास आणि रात्री नऊला बंद होते. शाकाहारी माणसाचे भाजलेल्या बटाट्यावर आणि सूपवर भागते.

तिसरी सकाळ: कॅथीड्रलच्या आत

आत गेल्यावर मधल्या चौकात उभे राहा आणि चारही मोठ्या खांबांकडे खालून वर नजर न्या. ते वाकलेले आहेत, साध्या डोळ्यांना दिसते. मूळ इमारत १२५८ मध्ये झाली. शिखर पुढच्या शतकात चढले, सुमारे ६,५०० टन जादा वजन, आणि खाली पाया जेमतेम चार फुटांचा, ओल्या वाळू-गोट्यांच्या थरावर. लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने १६६८ मध्ये मोजले तेव्हा शिखर पाऊण मीटर कललेले होते.

मग १३८६ च्या सुमाराचे घड्याळ बघा. त्याला तबकडीच नाही, ते फक्त तास वाजवते. शेवटी चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहात, राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. अंधाऱ्या तंबूसारख्या कक्षात डोळे सरावायला मिनिटभर लागते, मग कातड्यावरच्या बारीक लॅटिन ओळी दिसू लागतात. आईने चष्मा पुसून पुन्हा बघितले आणि म्हणाली, “एकही खाडाखोड नाही.”

नंतर बाजारातून स्ट्रॉबेरी आणि चीज घ्या. स्थानक दहा मिनिटांवर आहे. वॉटर्लूची गाडी साधारण दर अर्ध्या तासाला असते, त्यामुळे घाई करू नका.