स्विंग काळातील ड्रमवादकांची तुलना कशी करावी

घोडबंदर रोडपासून नेरूळ-बेलापूरपर्यंत ड्रम सेट शिकवणारे वर्ग आज सहज सापडतात, आणि अशा वर्गांत जॅझचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: अमेरिकन ड्रमवादकांत जीन क्रुपा मोठा की बडी रिच? उत्तरादाखल मोबाइलवर एखादा सोलो लावला जातो, ज्याचे हात अधिक वेगाने चालतात त्याच्या बाजूने कौल पडतो आणि विषय संपतो. हा निवाडा मला अन्यायकारक वाटतो, कारण स्विंग काळात, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचाच्या जॅझच्या काळात, ड्रमवादकाचे बहुतेक सगळे काम साथीचे होते. सोलो त्याच्या वाट्याला क्वचितच येत असे. एकल वादनात दिसणारी हाताची तयारी आणि विलंबित ख्यालाच्या मागे ठेका न ढळू देता गायकाला मोकळे सोडण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाण्यातल्या मैफलींना नियमित जाणाऱ्या कोणत्याही तबलाप्रेमी श्रोत्याला ठाऊक असते. तोच कान या तुलनेसाठी वापरावा.

सर्वप्रथम काळाची आणि नावांची मर्यादा घालून घ्यावी. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये ऑगस्ट १९३५ मध्ये जे अनपेक्षित यश मिळाले, तेथून या युगाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे, आणि दुसरे महायुद्ध संपता संपता ते ओसरले. या दहा-अकरा वर्षांतले चिक वेब, जीन क्रुपा, जो जोन्स, सिड कॅटलेट आणि बडी रिच हे पाच जण घेतले तरी अभ्यासाला भरपूर होतात. रिचची जी चलचित्रे आज सर्वत्र फिरतात ती बहुतांशी १९६६ मध्ये त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारल्यानंतरची आहेत. त्या वेळची वाद्ये, मायक्रोफोन आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र वेबला कधी मिळालेच नाही, कारण तो जून १९३९ मध्येच वारला. म्हणून रिच ऐकायचा तो आर्टी शॉच्या वाद्यवृंदातला १९३९ चा ‘ट्रॅफिक जॅम’ आणि टॉमी डॉर्सीकडचा १९४० चा ‘क्वाएट प्लीज’ यांतून. उस्ताद अल्लारखा यांच्यासह त्याने केलेली १९६८ ची ध्वनिमुद्रिका मुंबईच्या परिसरातल्या श्रोत्याला साहजिकच जवळची वाटेल आणि ती अवश्य ऐकावी, पण या तुलनेत तिला पुरावा म्हणून धरू नये.

नावांच्या बाबतीत काटेकोर राहावे. जो जोन्स आणि फिली जो जोन्स हे दोन वेगळे वादक आहेत आणि दुसरा पुढच्या पिढीचा आहे. चिक वेबच्या निधनानंतर त्याचा वाद्यवृंद गायिका एला फिट्झजेराल्डच्या नावाने चालू राहिला. त्या ध्वनिमुद्रणांत ड्रमवर बिल बीसन आहे, वेब नाही. इंटरनेटवरच्या शीर्षकांवर विसंबण्याऐवजी ध्वनिमुद्रणाची तारीख आणि वादकांची यादी आधी पाहावी, आणि वहीत ड्रमवादकाच्या नावासमोर बेस हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याचेही नाव लिहावे, कारण या दोघांची लय वेगळी काढून ऐकता येत नाही.

ऐकण्याची साधने हा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. त्या काळची ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजत असे, सगळा वाद्यवृंद मोजक्या मायक्रोफोनांसमोर बसत असे, आणि पायाने वाजवायच्या बेस ड्रमचा हलका ठोका तबकडीवर फारसा उमटत नसे. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर हे संगीत ऐकले, तर तारांच्या ब्रशचा आवाज आणि हाय-हॅटची (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीची) कुजबुज गाडीच्या खडखडाटात पूर्ण बुडते आणि केवळ स्नेअर या मुख्य ड्रमवरचे जोरकस आघात कानात राहतात. म्हणजे गोंगाट करणारा वादक अकारण मोठा ठरतो. बंद खोली, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि मध्यम आवाज एवढी तयारी पुरते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. पहिल्या वेळी ड्रमकडे मुळीच लक्ष न देता आवर्तन मोजावे. या संगीतात बहुतेक रचना चार मात्रांच्या बारांत बांधलेल्या असतात. बारा बारांच्या ब्लूजचे आवर्तन ४८ मात्रांचे आणि बत्तीस बारांच्या गीताचे १२८ मात्रांचे होते. तीनतालाच्या सवयीने पहिल्या मात्रेवर वजन शोधू नये. येथे हाय-हॅटची झाकणी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते आणि टाळीही तेथेच द्यावी. पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचे जुलै १९३७ मधले ‘वन ओ’क्लॉक जंप’ हे बारा बारांचे ब्लूज या सरावाला उत्तम आहे, कारण प्रत्येक आवर्तन स्वच्छ सुटे कळते. मोजणी हातात बसल्यावर दुसऱ्या वेळी फक्त झांजा ऐकाव्यात, तिसऱ्या वेळी फक्त स्नेअर, आणि त्यानंतर एकवादकाच्या (सोलो वाजवणाऱ्याच्या) दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागेत ड्रमवादक काय करतो, किंवा काय करायचे टाळतो, याकडे लक्ष द्यावे. मोबाइलवरच्या लय मोजणाऱ्या ॲपने सुरुवातीची आणि शेवटची लय नोंदवता येते. पण आकडा म्हणजे निकाल नव्हे, कारण रंगलेल्या कार्यक्रमात लय किंचित चढणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो.

यापुढची पायरी या पद्धतीचा कणा आहे: तुलनेत एक गोष्ट बदलावी आणि बाकीच्या शक्य तितक्या तशाच ठेवाव्यात. प्रथम रचना तीच ठेवून वादक बदलावा. एडगर सॅम्पसनच्या ‘स्टॉम्पिंग ॲट द सव्हॉय’ आणि ‘डोन्ट बी दॅट वे’ या दोन्ही रचना चिक वेबच्या वाद्यवृंदाने १९३४ मध्ये मुद्रित केल्या. गुडमनने पहिली १९३६ मध्ये आणि दुसरी १९३८ मध्ये वाजवली तेव्हा ड्रमवर क्रुपा होता. दोन्ही जोड्या पाठोपाठ ऐकल्या की वेब आपले आघात तुतारी आणि सॅक्सोफोनच्या वाक्यांत कसे गुंफतो, आणि क्रुपा आपली जागा आली की ती श्रोत्यांसमोर कशी ठळकपणे मांडतो, हा फरक वर्णनाविना समजतो.

त्यानंतर भोवतालचे वादक तेच ठेवून ड्रमवादक बदलावा. अशी संधी इतिहासात क्वचित मिळते, पण १६ जानेवारी १९३८ च्या गुडमनच्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमाने ती दिली आहे. त्या संध्याकाळी ‘हनीसकल रोझ’वर जी जमवाजमवीची मैफल (जॅम सेशन) झाली, तिच्यात पियानोवर बेसी, गिटारवर फ्रेडी ग्रीन आणि बेसवर वॉल्टर पेज होते, म्हणजे बेसीच्या प्रसिद्ध लयविभागातले तिघे, मात्र ड्रमवर जो जोन्सऐवजी क्रुपा होता. हे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि लगोलग हेच तिघे जोन्ससह वाजवतात ते सप्टेंबर १९३९ मधले ‘लेस्टर लीप्स इन’ लावावे. क्रुपा चांगलाच वाजवतो, परंतु त्याचा बेस ड्रम आणि स्नेअर जमिनीवर पाय रोवून चालतात, तर जोन्स लय हाय-हॅटच्या अर्धवट उघड्या झांजांवर सोपवतो आणि त्यामुळे पेजचा बेस मोकळा, स्पष्ट ऐकू येतो. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून एवढी एक जोडी ऐकली तरी चालेल.

शेवटी वादक तोच ठेवून भोवतालचे सगळे बदलावे. यासाठी सिड कॅटलेटइतका योग्य माणूस नाही. तो लुई आर्मस्ट्राँगच्या मोठ्या वाद्यवृंदात होता, १९४१ मध्ये काही काळ गुडमनकडे होता, आणि मे १९४५ मध्ये डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्यासह ‘सॉल्ट पीनट्स’ आणि ‘हॉट हाउस’च्या मुद्रणातही तोच बसला होता. बीबॉप या नव्या जॅझ शैलीची तुटक, अनपेक्षित वाक्ये अनेक जुन्या वादकांना झेपत नव्हती. कॅटलेट मात्र स्वतःची ओळख न सोडता प्रत्येक एकवादकाला निराळी साथ देतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये आर्मस्ट्राँगसोबत वाजवलेला त्याचा ‘स्टेक फेस’मधील सोलोही ऐकावा. त्यात वेग मर्यादित आहे. शांतता, लहान-मोठा आवाज आणि पुनरावृत्ती यांतून तो एक पूर्ण रचना उभी करतो.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून केले तर अधिक फळते. सोसायटीच्या सभागृहात किंवा वर्ग सुटल्यावर शिक्षकांच्या परवानगीने एक तबलावादक, एक ड्रम शिकणारा आणि एखादा नृत्य जाणणारा असे बसावेत. वादकाचे नाव न सांगता ध्वनिमुद्रण लावावे आणि प्रत्येकाने आधी आपले निरीक्षण लिहून मगच बोलावे. नृत्य जाणणाऱ्याचे मत हलके समजू नये, कारण हे संगीत प्रथम नाचणाऱ्यांसाठी होते आणि हार्लेममधल्या सव्हॉय बॉलरूमच्या लाकडी जमिनीवर ड्रमवादकाची परीक्षा पायांनी होत असे. ११ मे १९३७ रोजी तेथे गुडमन आणि वेब यांच्या वाद्यवृंदांचा सामना झाला, तेव्हा सरशी वेबची झाली आणि खुद्द क्रुपाने त्याला मान दिला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पाठीच्या कण्याच्या क्षयाने लहानपणीच शरीर खुरटलेला हा माणूस उंच चौथऱ्यावर बसून सगळा वाद्यवृंद ड्रमवरून चालवीत असे; त्याची ताकद ऐकायची तर १९३७ चे ‘हार्लेम काँगो’ आणि १९३८ चे ‘लायझा’ लावावे.

कौशल्याच्या नोंदी पूर्ण झाल्यावरच प्रभावाकडे जावे आणि त्यासाठी वहीचे वेगळे पान घ्यावे. प्रभाव तीन ठिकाणी शोधता येतो: पुढच्या वादकांच्या हातात, वाद्याच्या घडणीत आणि सामान्य श्रोत्यांच्या मनात. पहिल्या बाबतीत कोणी कोणाला, कोणत्या शहरात आणि कधी ऐकले हे तारखांनी तपासावे. क्रुपा शिकागोत वाढला आणि न्यू ऑर्लिन्सहून तेथे आलेल्या बेबी डॉड्स या ड्रमवादकाला त्याने प्रत्यक्ष ऐकले. क्रुपा आणि रिच या दोघांनीही वेबचे ऋण मानले. आणि जोन्सने झांजांकडे नेलेली लय पुढे केनी क्लार्क आणि मॅक्स रोच या ड्रमवादकांनी राइड सिंबल या एका मोठ्या झांजेवर नेऊन बीबॉपचा पाया घातला. आज वर्गात विद्यार्थ्याला जॅझचा जो पहिला ठेका शिकवतात त्याची वंशावळ जोन्सपर्यंत पोहोचते, मग शिक्षकांनी त्याचे नाव घेतलेले असो वा नसो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बाबतीत मात्र क्रुपाला तोड नाही. त्याने ड्रम बनवणाऱ्या स्लिंगरलँड कंपनीबरोबर दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम-टॉम प्रचारात आणले, आणि जुलै १९३७ मध्ये बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणाऱ्या ‘सिंग, सिंग, सिंग’ने ड्रमवादकाला मागच्या रांगेतून रंगमंचाच्या मध्यभागी आणले. ही प्रसिद्धी त्याने कष्टाने मिळवली होती, तरी ती मोजताना वर्णभेदाचा हिशेब मांडलाच पाहिजे. गौरवर्णीय वाद्यवृंदांना देशव्यापी रेडिओ कार्यक्रम, मोठी हॉटेले आणि चित्रपट यांची दारे जितक्या सहज उघडत, तितकी ती वेब किंवा कॅटलेट यांना उघडत नव्हती. म्हणून लोकांना कोणाचे नाव माहीत होते आणि वादक कोणाकडे शिकायला कान लावून बसत होते, हे दोन प्रश्न एकत्र करू नयेत.

मुंबईपुरता प्रभावाचा शोध घ्यायचा झाला तर आणखी सावधपणा हवा. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलात आले, टेडी वेदरफोर्ड त्यांच्या मागून आला, गोव्याच्या वादकांनी ते संगीत आत्मसात केले आणि पुढे तेच वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. १९५१ च्या ‘अलबेला’साठी सी. रामचंद्रांनी बांधलेल्या गाण्यांत स्विंगची चाल उघडपणे ऐकू येते. मात्र तो प्रभाव एका शैलीचा आहे. त्यावर क्रुपाचे किंवा जोन्सचे एकट्याचे नाव लिहिण्याइतका पुरावा केवळ ऐकण्यातून मिळत नाही.

या पद्धतीने गेल्यावर माझा कौल असा आहे. हाताच्या तयारीत रिच पहिला, आणि याबाबत प्रामाणिक मतभेदाला फारशी जागा नाही. बालपणापासून व्हॉडेव्हिलच्या (नाच-गाणी-विनोदाच्या मिश्र खेळांच्या) रंगमंचावर वाढलेल्या आणि स्वरलेखन न वाचता केवळ ऐकून सगळी रचना उचलणाऱ्या त्या वादकाची सहजता अद्भुत होती. परंतु संपूर्ण कौशल्य म्हणजे लय, आवाजाचा पोत, साथ, सोलोची बांधणी आणि परक्या शैलीत टिकून राहणे असे धरले तर मी कॅटलेटला वर ठेवतो. वाद्यवृंद घडवण्यात वेब, वाद्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात क्रुपा, आणि पुढच्या वादकांवरील प्रभावात जोन्स. वेबला आणखी दहा वर्षे मिळती तर हा क्रम बदलला असता असे मला वाटते, पण तुलना झालेल्या वादनाचीच करता येते.

हे पाच जण पूर्ण ऐकून झाल्यावर डेव्ह टफ घ्यावा. सोलोची त्याला आवड नव्हती, त्यामुळे वेगाच्या स्पर्धांत त्याचे नाव कधीच येत नाही. वुडी हर्मनच्या वाद्यवृंदासोबतचे १९४५ चे ‘ॲपल हनी’ लावावे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत केवळ त्याच्या झांजा ऐकाव्यात: एकवादक बदलला की तो कोणती झांज बदलतो, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एकत्र कोसळत असताना लय किती शांतपणे धरून ठेवतो, हे वहीत लिहावे. बाकीच्या पाच जणांच्या नोंदी त्यानंतर पुन्हा एकदा वाचून दुरुस्त कराव्यात.