घरी वाइन बनवताना या चुका टाळा: कृती योग्य, वेळ चुकीची

घरी बनवलेली वाइन बिघडली की बहुतेकांचा संशय आधी फळांवर आणि मग यीस्टवर जातो. बिघडलेल्या बरणीची नोंदवही मागे उलटून पाहिली, तर पुष्कळदा असे दिसते की घातलेला प्रत्येक पदार्थ योग्य होता आणि केलेली प्रत्येक कृतीही योग्य होती. चुकली होती ती फक्त वेळ. ढवळणे, साखर घालणे, यीस्टला पोषक देणे, सल्फाइट वापरणे, बाटल्या भरणे यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही, पण तीच गोष्ट आठवडाभर आधी किंवा नंतर केली की वाइनचा घात करते. म्हणून या चुका ज्या टप्प्यावर घडतात, त्याच क्रमाने त्या येथे मांडत आहे.

वेळ ओळखायची कशी, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बुडबुडे मोजणे हे नाही. एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) वायू निघतो आहे की नाही यावरून किण्वनाची, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करण्याची, अवस्था ठरवणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे, कारण झाकण किंचित सैल असेल तर जोमाने चाललेले किण्वनही शांत भासते आणि खोलीचे तापमान वाढले तर केवळ विरघळलेला वायू बाहेर पडल्याने संपलेले किण्वनही पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटते. हायड्रोमीटरने सापेक्ष घनता मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे. सुरुवातीला १.०८० ते १.०९५ या दरम्यान असलेली घनता साखर संपत जाते तशी उतरते आणि कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या वाइनमध्ये १.०००च्या खाली, साधारण ०.९९० ते ०.९९६पर्यंत येते. दोन वाचनांतील फरकाला १३१.२५ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी अंदाजे कळते, १.०९०पासून ०.९९५पर्यंत आलेल्या वाइनमध्ये ती सुमारे साडेबारा टक्के भरते. वाचन घेण्यापूर्वी हायड्रोमीटर बोटांनी हलकेच फिरवावा, नाहीतर त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो.

यीस्ट घालण्यापूर्वीची घाई

फळांच्या रसातील रानटी जंतू दबावेत म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (थोडक्यात सल्फाइट) घातले जाते. त्याच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, त्यामुळे १० लिटर रसात लिटरमागे ५० मिलिग्रॅम एवढे प्रमाण हवे असेल तर जेमतेम ०.९ ग्रॅम पूड पुरते. ही मात्रा चमच्याच्या अंदाजाने टाकू नये; ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा नसेल तर मोजून बनवलेल्या गोळ्या वापराव्यात. दम्याचा त्रास असणाऱ्यांना सल्फाइट बाधू शकते, हेही वाइन कोणाला देण्यापूर्वी लक्षात ठेवावे. सल्फाइट घातल्यानंतर लगेच यीस्ट टाकणे म्हणजे ज्याला बोलावले त्यालाच दारात अडवणे होय. मध्ये २४ तास जाऊ द्यावेत आणि भांडे तेवढा वेळ घट्ट बंद न करता कापडाने झाकून ठेवावे.

कोरडे यीस्ट थंड रसावर भुरभुरणे हीदेखील घाईच आहे. ते ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे, नंतर त्यात थोडाथोडा रस मिसळत त्याचे तापमान उतरवावे आणि दोन्हींतील फरक १० अंशांपेक्षा कमी झाल्यावरच ते मुख्य भांड्यात ओतावे. भिजवण्याच्या पाण्यात डायअमोनियम फॉस्फेट (यीस्टला नायट्रोजन पुरवणारे पोषक) मिसळू नये, कारण त्या अवस्थेत ते पेशींना हानिकारक ठरते.

गोड वाइन आवडते म्हणून आरंभीच भरपूर साखर ओतणारे पुष्कळ आहेत. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते, हे गणित मांडले की कळते की घनता १.१००च्या बरीच वर नेणे म्हणजे यीस्टवर सुरुवातीलाच असह्य ओझे लादणे आहे. अधिक तीव्रता हवीच असेल तर साखर किण्वन चालू असताना दोन-तीन हप्त्यांत घालावी. गोडवा हवा असेल तर तो शेवटी, वाइन स्थिर झाल्यावर आणावा.

हवा: आधी मित्र, नंतर शत्रू

या छंदात हवेइतके उलटसुलट ऐकायला मिळणारे दुसरे काही नाही, कोणी ती द्या म्हणतो, कोणी टाळा, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वाढीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टला ऑक्सिजन लागतो, कारण त्याच्या साहाय्याने ते पेशीच्या आवरणासाठी स्टेरॉल तयार करते आणि हेच आवरण पुढे वाढत्या अल्कोहोलमध्ये त्याला तगवते. म्हणून या काळात रस जोमाने ढवळावा. लाल वाइनमध्ये वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा. तो कोरडा राहिला तर बुरशीला आणि व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंना आयते घर मिळते.

किण्वन ओसरू लागले की मात्र हवेचे दार बंद झालेच पाहिजे. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवून दिले की वाइनचे व्हिनेगर होणे हे सूक्ष्मजीवांचे काम आहे, आणि त्या जिवाणूंना हवा लागते. घनता १.०१०च्या खाली आली की वाइन अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काढावी, एअरलॉक लावावा आणि बरणी बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरलेली ठेवावी. अर्धी भरलेली बरणी एअरलॉक लावूनही सुरक्षित नसते. सुरुवातीचा वायूचा दाब संपल्यावर आतल्या मोठ्या पोकळीतील हवा वाइनवर आपले काम करतच राहते. माझी स्वतःची एक चांगली बॅच केवळ या पोकळीमुळे दोन महिन्यांत गेली, आणि तेव्हापासून मी मोठ्या बरणीबरोबर लहान बाटल्याही धुऊन तयार ठेवतो. पोकळी भरण्यासाठी तशीच वाइन घालावी, काचेच्या स्वच्छ गोट्या सोडाव्यात किंवा लहान भांडे घ्यावे. पाण्याने भरल्यास चव आणि टिकाऊपणा दोन्ही पातळ होतात. वाइन दुसऱ्या भांड्यात काढताना नळीचे बाहेरचे टोक नव्या भांड्याच्या तळाशी ठेवावे, म्हणजे ती खळखळणार नाही.

पृष्ठभागावर पातळ पांढरी साय दिसली तर वाइन अजून वाचवता येते: साय काढून टाकावी, सल्फाइटची मात्रा द्यावी आणि बरणी काठोकाठ भरावी. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशसारखा तीव्र वास पक्का बसला असेल, तर मात्र घरी करण्याजोगा कोणताही उपाय तो काढू शकत नाही. ती वाइन चांगल्या वाइनमध्ये मिसळून पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्याने दोन्ही जातात.

किण्वन अडले किंवा वास आला तर

घनता १.०२० किंवा १.०३०वर येऊन अनेक दिवस हलत नसेल तर प्रथम द्रवाचे तापमान मोजावे, खोलीचे नव्हे. किण्वनात उष्णता निर्माण होते, त्यामुळे मोठ्या भांड्यातील रस खोलीपेक्षा काही अंश अधिक गरम असतो. पांढऱ्या वाइनला १२ ते १८ आणि लाल वाइनला २० ते २८ अंश मानवतात. त्यापेक्षा फार वर गेल्यास यीस्ट थकते, फार खाली गेल्यास झोपते. तापमान ठीक असूनही किण्वन अडलेलेच असेल, तर ईसी-१११८सारखे चिवट यीस्ट भिजवून त्यात अडलेली वाइन थोडी घालावी, ते फसफसू लागल्यावर तेवढीच पुन्हा घालावी आणि असे दुप्पट करत सगळी वाइन त्यात आणावी. अडलेल्या वाइनवर थेट नवे यीस्ट टाकल्यास ते अल्कोहोलच्या धक्क्याने मरते आणि पाकीट वाया जाते.

कुजलेल्या अंड्यांचा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि बहुधा यीस्टला नायट्रोजन कमी पडल्याचे सांगतो. किण्वनाच्या पहिल्या तृतीयांशात पोषक दिल्यास तो सहसा लवकर जातो. साखर दोन-तृतीयांश संपल्यानंतर पोषक देण्यात अर्थ नाही, कारण तोवर यीस्टची ते शोषण्याची क्षमता ओसरलेली असते आणि उरलेले पोषक पुढे बिघाड करणाऱ्या जंतूंच्या उपयोगी पडते. किण्वन संपत आल्यावर हा वास आला, तर वाइन गाळावरून तातडीने काढावी आणि एकदाच, हवेचा थोडा धोका पत्करूनही, ती खळखळू द्यावी. दिरंगाई केली तर हा वायू कांद्या-लसणासारख्या वासाच्या संयुगांत बदलतो आणि ती काढणे फार अवघड असते. तांब्याचे क्षार घालण्याचा उपाय मी घरी सुचवणार नाही. मात्रा किंचित चुकली तरी तांबे वाइनमध्ये राहते.

फळे उकळून रस काढला असेल तर वाइन महिनोन्‌महिने गढूळ राहते, कारण उष्णतेने पेक्टिन, म्हणजे फळांतील चिकट घटक, सुटून रसात उतरते. पेक्टिन तोडणारे विकर (एन्झाइम) यीस्टच्या आधी घालावे. बेंटोनाइट (वाइन निवळवणारी माती) त्याच वेळी घालू नये, ते विकरालाच धरून खाली बसते.

बाटल्या भरण्याची घाई

ही चूक सर्वांत धोकादायक आहे, कारण यात केवळ वाइन जात नाही, माणूसही जखमी होऊ शकतो. बाटलीत लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली तर साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो, आणि साधी वाइनची बाटली असा दाब पेलण्यासाठी बनवलेली नसते. आठवड्यात तीन वेळा घेतलेले वाचन एकच येईपर्यंत आणि वाइन निवळेपर्यंत बाटली भरू नये.

शेवटी गोडवा आणायचा असेल तर पोटॅशियम सॉर्बेट लागते, पण त्याचे काम पुष्कळांना उलटे समजलेले असते. ते चालू किण्वन थांबवत नाही. निवळलेल्या वाइनमध्ये उरलेल्या मोजक्या यीस्टला केवळ वाढू देत नाही. ते नेहमी सल्फाइटबरोबरच घालावे, कारण लॅक्टिक जिवाणूंनी सॉर्बेट फोडले तर जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास येतो आणि तो कधीच जात नाही. बाटल्या आणि बुचे क्लोरीनयुक्त ब्लीचने धुऊ नयेत. त्याचा अंश, बूच आणि बुरशी एकत्र आले की ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास तयार होतो. आधी सोडियम परकार्बोनेटने धुवावे, स्वच्छ पाण्याने खळबळावे आणि मग सल्फाइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावे.

भरलेल्या बाटलीचे बूच वर सरकताना दिसले, तर उरलेल्या सर्व बाटल्या त्याच अवस्थेत आहेत असे धरावे. चेहऱ्यावर संरक्षक चष्मा आणि हातात जाड मोजे घालून त्या थंड जागी हलवाव्यात, पूर्ण गार झाल्यावर जाड कापडात गुंडाळून एकेक हळू उघडावी, आणि वाइन पुन्हा एअरलॉक लावलेल्या बरणीत ओतून घनतेचे वाचन पहिल्यापासून सुरू करावे.