बायबलमधली घराण्यांची नावं कशी उलगडावीत
संडे स्कूलच्या मुलांना मी आधी आपल्याकडची आडनावं विचारते. कोल्हापुरात कागलकर, इचलकरंजीकर चटकन निघतात. बायबलमध्ये आडनाव नाही, पण इशाय बेथलेहेमचा, एलीया तिश्बी ही ओळख अशीच गावावरून येते.

मग बायबलमधलं ‘गणना’ हे पुस्तक, अध्याय 26 उघडा. लोक तो घाईनं ओलांडतात, याचं मला फार वाईट वाटतं. घराणी तिथंच तर भेटतात! मूळपुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागला की कूळ झालं: हनोखचे हनोखी, पेरेसचे पेरेसी. तुम्ही उलटं जा. ‘ई’ काढा आणि तो माणूस ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकात शोधा. पेरेस अध्याय 38 मध्ये सापडेल. जुळ्या भावाचा हात आधी बाहेर आला होता, तरी हाच वाट फोडून पुढे जन्मला. नावाचा अर्थही तोच.

याकोबाची बायको लेआ, तिच्या मुलांसाठी उत्पत्तीचाच अध्याय 29 सावकाश वाचा. लेवी म्हणजे जडणं, यहूदा म्हणजे स्तुती. नवऱ्याच्या प्रेमासाठी झुरणाऱ्या बाईनं ठेवलेली ही नावं पुढे अख्ख्या वंशांची झाली. म्हणून वहीत नावाशेजारी आईचे शब्दही उतरवून घ्या.

नावांतले तुकडेही ओळखा: हिब्रूत ‘बेन’ म्हणजे मुलगा, अरामीत ‘बार’. दानीएलमधला ‘एल’ म्हणजे देव.