हिवाळ्यात सांदण दरी: एका दिवसाच्या भटकंतीची तयारी

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून निघालं की वीसेक मिनिटांत सांदण दरीच्या तोंडाशी पोहोचता येतं, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. गाव जवळ, मोठी चढण नाही, अंतर दोनेक किलोमीटर. मग तयारी ती कसली? पण घळीत शिरलं की वाट संपते. दोन्ही अंगांना दोनशे फुटांच्या घरातल्या कातळभिंती, पायाखाली फ्रिजपासून टेम्पोएवढाले धोंडे आणि सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण घळीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. खालचं सगळं गणित या उजेडावर बेतलेलं आहे.

१. कुठून परतायचं ते घरीच ठरवा

एका दिवसाच्या भटकंतीची हद्द म्हणजे दोराशिवाय उतरता येत नाही असा पहिला टप्पा. तिथून पुढे घळ कोकणाच्या बाजूला उतरत जाते. त्यासाठी दोर, हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट आणि ते वापरण्यात मुरलेली माणसं लागतात. शिवाय एकदा दोर खाली ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. ‘इतके आलोच आहोत तर थोडं पुढे जाऊ’ हा मोह तिथेच सोडून द्यायचा.

२. दिवस आणि माणसं

पावसाळ्यात सांदणमध्ये पाऊल टाकायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. नोव्हेंबर-डिसेंबरातला अवकाळी मात्र लोक विसरतात. घळ ही मुळात पाण्याची वाट आहे. वरच्या पठारावर सर कोसळली तर खालच्याला ढग दिसायच्या आत लोंढा येऊ शकतो, आणि बाजूला सरकायला जागा नसते. आदल्या दिवशी हवामान बघा. पावसाची शक्यता दिसली तर त्याऐवजी भंडारदऱ्याच्या काठाने फिरा.

साम्रदमधला वाटाड्या घ्याच. रस्ता चुकण्याची भीती फारशी नसते. पण यंदा डोहात पाणी किती आहे, या पावसाळ्यात कुठली दरड नव्याने खाली आली, हे त्यालाच ठाऊक असतं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून प्रवेशशुल्काचे सुटे पैसे जवळ ठेवा.

३. बूट आधी तपासा

कपाटात दोन वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा तळ हमखास दरीतच सुटतो, कारण मधला गोंद आणि फोम कुजलेला असतो. आठवडाभर आधी ते घालून चार-पाच किलोमीटर चाला, मग ओल्या शहाबादी फरशीवर उभं राहून पाहा. तिथे पाय सरकला तर कातळावर सरकणारच. सॅकमध्ये डक्ट टेपचा छोटा गुंडा आणि दोन हात सुतळी टाका. निघालेला तळ बांधून परत येता येतं.

जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही, आणि सावलीत गारठा धरून बसते. पटकन वाळणारी पँट, वर दोन पातळ थर आणि एक वाऱ्याला अडवणारं जॅकेट एवढं पुरतं.

४. सॅकमध्ये काय

२५ ते ३० लिटरची सॅक. आत जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावा आणि सगळं सामान तिच्यात. माणशी ३ लिटर पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक कमी पितात आणि परतताना पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ-साखरेची पुडी, चिक्की, खजूर, भाकरी-चटणी. माणशी एक हेडटॉर्च आणि जादा सेल. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, धोंडे उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी, क्रेप बँडेज, मोज्यांचे दोन जादा जोड, कोरड्या कपड्यांचा एक संच.

५. डोह ओलांडताना

पहिला डोह गुडघा-मांडीपर्यंत, दुसरा कमरेपर्यंत. दिवाळीनंतर लगेच गेलात तर दुसरा छातीलाही लागू शकतो. उन्हाळा जवळ येईल तसं पाणी उतरतं. तळाला गुळगुळीत दगड आणि मधूनच धारदार कोपरे असतात, त्यामुळे अनवाणी उतरणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मोजे काढून कोरड्या पिशवीत ठेवा आणि नुसते बूट घालून पाण्यात शिरा. सॅकचे छातीचे आणि कमरेचे बकल सोडून ठेवा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक झटकन अंगावेगळी करता येते. काठीने पुढची जागा चाचपायची, वजन टाकायचं, मग मागचा पाय उचलायचा. एका वेळी एकच माणूस. गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या छातीच्या वर पाणी जात असेल तर सगळ्यांनी परत फिरायचं.

पलीकडे आल्यावर बूट उपडे करून पाणी काढा, आतला सोल पिळा, कोरडे मोजे चढवा. कोरडे कपडे मात्र आत्ता घालू नका. हेच डोह परतताना पुन्हा आहेत. ओल्या अंगाने सावलीत फोटो काढत बसलात की हुडहुडी भरते, तेव्हा चालत राहा.

६. धोंड्यांवरून

इथे तासाला एक किलोमीटर हा चांगला वेग आहे. प्रत्येक दगड डुगडुगणारच असं धरून चाला: पाय कडेवर नाही, मध्यावर; आणि पूर्ण भार देण्याआधी थोडं दाबून बघा. उड्या मारू नका. उंच धोंड्यावरून उतरताना सरळ बसा आणि पाय खाली सोडा; पँटचा मागचा भाग झिजतो, पण घोटा वाचतो. घोटा मुरगळला तर डोलीवाचून गत्यंतर नसतं. ती गावातून येईपर्यंत तास-दोन तास सहज जातात, आणि घळीत मोबाइलला रेंज धरून चालू नये. ११२ लावायचा तरी कुणाला तरी वर जावं लागेल, म्हणून गट निदान चौघांचा असावा.

भिंतींच्या अगदी तळाशी बसून डबा उघडू नका. वर माकडं असतात आणि त्यांच्या पायांनी दगड सुटतात. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून, हात न झाडता तिथून दूर निघायचं.

७. घड्याळ

सकाळी आठला साम्रद सोडा. अकरापर्यंत दोर लागणाऱ्या त्या टप्प्यापाशी. जिथे असाल तिथून दुपारी एकला वळायचं, मग पुढे काहीही दिसत असो. साडेतीनच्या आसपास बाहेर येता, हाताशी दोन तास उजेड शिल्लक राहतो.

साम्रदमध्ये ज्या घरी जेवायचं, तिथे पिठलं-भाकरीचं सकाळीच सांगून ठेवा. चारला येऊन सांगितलं तर चूल पेटून ताट वाढेपर्यंत ओल्या बुटांत ताटकळत बसावं लागतं.