ऑनलाइन तजवीद शिकवू लागणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

२०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि तजवीदचा, म्हणजे कुराण शुद्ध उच्चारांत म्हणायला शिकवण्याचा, तास पडद्यावर आला, तेव्हा मला सर्वाधिक धास्ती यंत्रांची वाटत होती. ती दोन महिन्यांत ओसरते, तुमचीही ओसरेल. मी फसलो ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

वर्ग पुन्हा समोरासमोर भरले तेव्हा कुराणातल्या सूरह हुजुरात या अध्यायाची बारावी आयत (वचन) म्हणताना अर्ध्याहून अधिक मुले ‘इस्म’ हा शब्द ‘से’ या अरबी अक्षराऐवजी ‘सीन’ या अक्षराने उच्चारत होती. ‘से’ने त्याचा अर्थ पाप होतो, ‘सीन’ने नाव, आणि नाव या अर्थाचा शब्द अकराव्या आयतीतच येऊन गेल्यामुळे चूक अधिकच घट्ट बसली होती. हे सबक (धडे) मीच कॉलवर ऐकून मंजूर केले होते. ही दोन अक्षरे वेगळी ओळखू येतात ती बरीचशी ४००० हर्ट्झच्या वरच्या बारीक सळसळीमुळे. साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचतो, आणि इंटरनेटवरच्या कॉलमध्ये गोंगाट गाळणारी सोय तीच सळसळ गोंगाट समजून पुसू शकते. जे कानावर आलेच नाही ते मन सवयीने भरून काढते, आणि आपल्याला मात्र ऐकल्याची खात्री वाटत राहते.

म्हणून कितीही घाई असली तरी केवळ कॉलवर ऐकून सबक पुढे नेऊ नका. मुलाने फोनमध्ये आयत रेकॉर्ड करून पाठवावी आणि तुम्ही ती हेडफोन लावून ऐकावी. झूमवर शिकवत असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ (आवाज न गाळता पाठवण्याची सोय) चालू ठेवावा. कॅमेरा ओठांजवळ घ्यायला सांगावा, कारण ‘से’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेशी दिसते, ‘सीन’ म्हणताना ते आतच राहते. देवनागरीत आयती दाखवणारी ॲप मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. वरचाच शब्द पाहा, त्या लिपीत पाप आणि नाव एकसारखेच दिसतात.

मोबाइलला विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्या उस्तादांशी वाद घालण्यात मी वर्ष घालवले. उस्तादाच्या तोंडून ऐकायचे आणि त्यालाच परत ऐकवायचे, ही तलक्कीची रीत ते जपत होते आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. अखेर त्यांच्यापैकीच एकांना मी मुलांची रेकॉर्डिंग ऐकवू लागलो, आणि मला सुटलेल्या चुका ते पहिल्याच ऐकण्यात सांगत. मुलांचे उच्चार सुधारायला शिकवण्याहून अधिक काळ लागला, पण ते सुधारले.